बाबांचं लाडकं क्रियापद

मी भोपाळ सोडलं त्या सकाळी आमच्या ब्लॉकमधली जवळजवळ सगळी माणसं खाली उतरली होती. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझा नंबर लागला होता. ऑटोत मागच्या सीटवर माझी ट्रंक, तिच्यावर वळकटी, आणि मांडीवर धरायचा म्हणून चिवड्याचा डबा. मराठी मंडळातल्या काकूंनी हातावर दही घातलं, कोणी नारळ दिला, कोणी पुण्यातल्या भाच्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. आई रडत होती आणि रडता रडता ऑटोवाल्याला बजावत होती, "भैया, धीरे चलाना, सामान बांधा नहीं है." एकच दार उघडलं नाही, आमच्या अगदी शेजारचं. तिथल्या खिडकीचा पडदा मात्र एकदा हलला. दुसऱ्या कोणाला तिथे निरोप द्यायला न धजावणारी मैत्रीण दिसली असती. मला वाटलं, बघताहेत, आता आमच्या घरात कोण कोण उरलं ते.

तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि माझा स्वभाव तोवर पक्का झाला होता. आजही कोणी विनाकारण गोड बोललं की माझे कान टवकारतात. ऑफिसात कोणी केक आणला तर मी आधी विचार करते की याला आता काय हवंय. नवरा म्हणतो, "तू पोस्टमनवरसुद्धा संशय घेतेस." घेते. मी इंजिनिअर झाले खरी, पण फिरत फिरत कॅल्गरीतल्या एका मोठ्या कंपनीच्या एच.आर.मध्ये येऊन पडले. लोकांच्या तक्रारी वाचायच्या आणि त्यांत खरं किती, खोटं किती ते शोधायचं, हे माझं काम. शंकेखोर माणसाला यापेक्षा बरी नोकरी जगात नसावी.

हे सगळं मी तुम्हाला लिहितेय, म्हणजे आपल्या टाउनशिपच्या मराठी ग्रुपला. तुमच्यातले काही अजून भोपाळातच आहेत, काही पुण्या-नागपूरला परतले, काही माझ्यासारखे बर्फात जाऊन राहिले. मागच्या दिवाळीत ग्रुपवर कोणीतरी आपल्या जुन्या ब्लॉकचा फोटो टाकला होता. पिवळा रंग उडालेला, जिन्यात पिंपळ उगवलेला. मग एकाने खाली लिहिलं, "ती अर्जवाली टीचर आठवते का रे?" पंधरा-वीस जणांनी हसरे चेहरे टाकले. त्यांत एक चेहरा माझा होता. तो मला परत घ्यायचा आहे, म्हणून हा एवढा पसारा.

जे नंतर आले त्यांच्यासाठी आधी बाबांबद्दल सांगते. बाबा कारखान्याच्या इस्टेट ऑफिसात होते. टाउनशिपमधलं क्वार्टर कोणाला मिळालं, कोणी ते परस्पर भाड्याने दिलं, कोणी मागे न विचारता शेड ठोकली, हे बघायचं त्यांचं काम. दुपारी सायकलच्या कॅरिअरला रजिस्टर अडकवून ब्लॉकमागून ब्लॉक हिंडायचे. म्हणजे दुपारी कोणालाही दारात नको असलेला माणूस. पण संध्याकाळी तीच माणसं आमच्या दारात, कारण बाबांचं इंग्रजी. वर जाणारा कागद इंग्रजीतच असला पाहिजे, नाहीतर साहेब तो वाचत नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. फिटर, वेल्डर, क्लार्क, कोणीही चपला बाहेर काढून यायचा. "भाईसाहब, एक एप्लीकेशन बना दीजिए."

बाबांची पद्धत ठरलेली होती. जुन्या फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलने मसुदा, खाली कार्बन, कार्बनखालची प्रत स्वतःच्या फाइलला. अर्ज कोणाच्या तक्रारीचा असला की ज्याच्याबद्दल तक्रार त्याच्या नावाच्या जागी नुसते ठिपके. खाली सहीच्या जागीही ठिपके. समोरचा नाव सांगायला लागला की बाबा हात वर करायचे. "नाम मत बताइए." आम्हाला म्हणायचे, "नाव कळलं तर उद्या त्याच्या दारात रजिस्टर घेऊन उभा राहीन तेव्हा माझ्या तोंडावर दिसेल." माणूस तो कागद गेटबाहेरच्या टायपिस्टकडे न्यायचा आणि ठिपके तिथे भरले जायचे. कोण आलं आणि काय लिहून नेलं, हे बाबा आईलाही सांगत नसत. आईला त्याचा राग यायचा, पण आतून अभिमानही असावा.

त्रास देणाऱ्या माणसासाठी बाबांपाशी तीन इंग्रजी क्रियापदं होती, आणि ती ते औषधाच्या मात्रेसारखी जपून द्यायचे. 'अनॉय' लिहिलं तर साहेब हसतो आणि कागद बाजूला ठेवतो. 'हॅरॅस' लिहिलं तर चौकशी बसते, माणूस सस्पेंड होतो, त्याच्या पोटावर पाय येतो. या दोहोंच्या मधलं त्यांचं लाडकं, 'पेस्टर'. पेस्टर म्हणजे भंडावून सोडणं, पुन्हा पुन्हा येऊन पिच्छा पुरवणं. ते वाचून साहेब त्या माणसाला बोलावतो, दोन शब्द सुनावतो, आणि त्रास थांबतो. कोणाची नोकरी जात नाही. "आपल्याला त्याला थांबवायचंय, बुडवायचं नाही," हे बाबांचं नेहमीचं वाक्य. त्यामुळे आमच्या टाउनशिपमध्ये इंग्रजी न येणारा वेल्डरसुद्धा म्हणायचा, "पेस्टर वाला लिखना भाईसाहब, उससे काम हो जाता है."

आमच्या शेजारी सूसन टीचर राहायच्या. मूळच्या केरळच्या. त्यांचे मिस्टर फाउंड्रीत होते, आणि त्या स्वतः टाउनशिपच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांची बीना आणि मी पहिलीपासून एका बाकावर. आमच्याकडून पुरणपोळ्या जायच्या, त्यांच्याकडून अप्पम यायचे, आणि भांडं कधी रिकामं परत जायचं नाही. संध्याकाळी टीचर आम्हा दोघींना बसवून शब्द शिकवायच्या. नुसता अर्थ पाठ केलेला त्यांना खपत नसे. हा शब्द कोण वापरतं, कोणाला वापरतं, कुठे वापरलेला वाईट दिसतो, सगळं वहीत उतरवून घ्यायच्या. 'पेस्टर' मी त्यांच्याकडेच वहीत लिहिला. मुलं आइस्क्रीमसाठी आईला पेस्टर करतात, असं त्यांचं उदाहरण होतं. आणखीही बरंच सांगितलं असणार, पण मी अर्थ उचलला आणि बाकीचं सोडून दिलं.

मी अकरावीत गेले त्या वर्षी बाबांनी टीचरना त्यांनी ब्लॉकमागे ठोकलेली टिनाची शेड काढायला लावली. त्या शेडमध्ये त्यांच्या शिकवण्या चालायच्या. दोनदा बाबा तोंडी सांगून आले, तिसऱ्यांदा नोटीस दिली. शेड उतरली. टीचर आठवडाभर बाबांशी बोलल्या नाहीत, मग पुन्हा बोलायला लागल्या. मला वाटलं, मिटलं.

महिन्याभराने बाबा भर दुपारी घरी आले. हातात मेमो, खुलासा मागणारा, आणि सोबत एका टाइप केलेल्या अर्जाची प्रत. अर्जाखाली सही नव्हती, 'एक त्रस्त रहिवासी' एवढंच. त्यात लिहिलेलं साधारण असं होतं की इस्टेट ऑफिसचे हे गृहस्थ, आणि इथे बाबांचं पूर्ण नाव, घरचा माणूस ड्यूटीवर असताना दुपारी या ना त्या निमित्ताने दारात येतात आणि सगळ्या कुटुंबाला पेस्टर करतात. आईने अर्थ विचारला. तो कळल्यावर ती खालीच बसली. 'घरचा माणूस नसताना' या शब्दांत जे सुचवलं होतं ते तिला इंग्रजी न येताही समजलं.

मीच बोलले. मी म्हटलं, "हा शब्द टीचरचा आहे." मग मी सोळा वर्षांच्या मुलीच्या सगळ्या हुशारीने मांडणी केली. आपल्या ब्लॉकमध्ये हा शब्द असा सफाईने लिहू शकणारी माणसं दोनच, बाबा आणि टीचर. बाबा स्वतःविरुद्ध तर लिहिणार नाहीत. आणि शेड कोणाची उतरली? आईने माझ्याकडे पाहिलं आणि मग आमच्या आणि टीचरच्या घरांमधल्या भिंतीकडे पाहिलं. बाबा एवढंच म्हणाले, "तिचं नाव घेऊ नका. ती नव्हे."

"मग कोण?" आईने विचारलं.

बाबा गप्प. आई म्हणाली, "म्हणजे तीच." आम्हाला वाटलं, हा त्यांचा चांगुलपणा. शत्रूवरही चिखल उडवत नाहीत. त्या चांगुलपणाचा आम्हाला जितका अभिमान वाटला तितका शेजारच्या दाराचा राग वाढत गेला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण पुढचं तुम्हीच केलंत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने एका काकूंना सांगितलं, आणि तिळगूळ संपायच्या आत ते सगळ्या मंडळात झालं. टीचरकडच्या शिकवण्यांतून मराठी मुलं एकेक करून काढली गेली. त्यांच्याकडून आलेली शेवटची वाटी आईने घासून त्यांच्या उंबऱ्याबाहेर ठेवली, रिकामी. मी बाक बदलला. बीनाने पहिल्या दिवशी विचारलं, "क्या हुआ?" मी म्हटलं, "कुछ नहीं," आणि हे अशा आवाजात म्हटलं की तिने पुन्हा विचारू नये. तिने विचारलं नाही. बाबांना ताकीद मिळाली आणि त्यांची बदली स्टोअर्समध्ये झाली. तिथे माणसं नव्हती, बोल्ट आणि गॅस्केटं होती. साहेब त्यांना म्हणाले होते, "हॅरॅस लिखा होता तो मुझे सस्पेंड करना पड़ता." अर्ज लिहून द्यायचं बाबांनी त्या दिवसापासून बंद केलं.

मी गेले ती या घरातून गेले. पुण्यात लोक विचारायचे, "भोपाळची? तिथे मराठी बोलतात?" आणि माझ्या 'मी येऊन राहिले'सारख्या हिंदी वळणाच्या वाक्यांना हसायचे. तिथून नोकरी, लग्न, कॅल्गरी. इथे उणे तीस अंशांत पार्किंगमधली गाडी सुरू होईल की नाही ही चिंता असते, आणि शेजारी कोण राहतं ते वर्षभरात एकदा कुरिअर चुकून आलं तर कळतं. ऑफिसात मात्र मी बाबांच्या तीन क्रियापदांतच जगते. एखाद्याने तक्रारीत 'अनॉय' लिहिलं तर मी दोघांना कॉफीला बसवते. 'हॅरॅस' आलं की फाइल उघडते, वकील येतात, कोणाचं तरी टेबल रिकामं होतं. मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते, कुठलं क्रियापद वापरताय ते दोनदा बघा. बाबांचं म्हणणं मी त्यांना न सांगता आयुष्यभर वापरत आले.

आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा रिटायर झाल्यावर भोपाळातच, सोनागिरीत घेतलेल्या घरात एकटे राहतात, चौऱ्याऐंशी वर्षांचे. इकडे येत नाहीत. "तिथे मी कोणाचं काय तपासू?" म्हणतात. दर रविवारी व्हिडिओ कॉल. गेल्या वर्षभरात त्या कॉलमध्ये मला एकेक गोष्ट खटकायला लागली. औषधाच्या डब्यावर वारांची नावं कोणीतरी सुबक इंग्रजी अक्षरात लिहिली होती, आणि ते अक्षर बाबांचं नव्हतं. खिडकीला नवे पडदे आले. एकदा मागून बाईचा आवाज आला, "अंकल, दवा," आणि बाबांनी घाईने फोन ठेवला. मी विचारलं तर, "अगं, येतं कोणीतरी." बाबा कोणाची नावं सांगत नाहीत हे मला माहीत होतं, तरी माझ्या मनात पाल चुकचुकली. एकटा म्हातारा, स्वतःचं घर, गोड बोलणारी बाई. अशा गोष्टी मी वाचते. मी घराचे कागद कुठे आहेत ते विचारलं, तर बाबा हसले. त्या हसण्याने माझा संशय पक्का झाला. मी कोणाला न सांगता तिकीट काढलं.

सकाळी दहाच्या सुमाराला मी सोनागिरीतल्या दारात उभी होते. दार नुसतं लोटलेलं. आत बाबा खुर्चीत मान मागे टाकून बसले होते आणि माझ्याच वयाची, पांढऱ्या होत चाललेल्या केसांची एक बाई त्यांच्या डोळ्यांत औषध घालत होती. तिने मला पाहिलं. मग पुन्हा बाबांकडे वळून म्हणाली, "हिलिए मत अंकल, एक बूँद और." तो थेंब नीट घातला, बाटलीचं झाकण लावलं, आणि मगच ती सरळ उभी राहिली. बीना होती.

मला आनंद झाला नाही, हे कबूल करते. मला वाटलं, म्हणजे हे असं आहे तर. मी बॅगही खाली न ठेवता बाबांना म्हटलं, "ही इथे काय करतेय? हिच्या आईने तुमच्याविरुद्ध अर्ज केला होता, विसरलात?"

बाबांचे डोळे मिटलेले होते. ते तसेच मिटलेले ठेवून ते म्हणाले, "तो अर्ज मी लिहिला होता."

मला वाटलं, वयाचा परिणाम. पण त्यांनी कपाटातून फाइल काढायला सांगितली, वरून तिसरी. तीत पिवळट पडलेल्या कार्बनच्या प्रती होत्या, तारखांच्या क्रमाने. त्यांतली कोपरा दुमडलेली एक त्यांनी हाताने चाचपूनच ओढली. बाबांचं तिरकं अक्षर. या ना त्या निमित्ताने, घरचा माणूस ड्यूटीवर असताना, पेस्टर. शब्दन् शब्द तोच. फक्त नावाच्या जागी ठिपके.

कोणीतरी त्यांच्याकडे येऊन सांगितलं होतं की एक जण दुपारी येऊन घरच्यांना छळतो. बाबांनी नेहमीप्रमाणे नाव विचारलं नाही आणि नेहमीचा अर्ज लिहून दिला. त्या माणसाने स्वतःच्या क्वार्टरमधली एक खोली परस्पर भाड्याने दिली होती आणि बाबांना ते कळलंय हे त्याला ठाऊक होतं. ठिपक्यांत त्याने बाबांचंच नाव घातलं. त्या महिन्यात पेस्टरचा अर्ज बाबांनी एकालाच लिहून दिला होता, त्यामुळे मेमो हातात पडला त्याच क्षणी त्यांना माणूस कळला होता.

"मग सांगितलं का नाही?"

"नाव सांगायचं नाही, हे मीच ठरवलं होतं ना? माझ्यावर उलटलं म्हणून मोडायचं? त्याचं क्वार्टर गेलं असतं. घरात दोन लहान मुली होत्या त्याच्या." मग म्हणाले, "आपल्यातलाच होता. तुझ्या आईला खांदा द्यायलाही होता तो."

मी बाबांवर आयुष्यात आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. मी म्हटलं, नियम तुमचा, पण भोगला कोणी? तुम्ही एका माणसाचं घर वाचवलंत आणि आपल्या भिंतीला लागून असलेलं घर सगळ्या टाउनशिपसमोर उघडं टाकलंत. बाबा म्हणाले, "मी सांगितलं होतं, ती नव्हे." मी म्हटलं, तेवढं पुरेसं नव्हतं हे तुम्हाला रोज दिसत होतं. त्यांच्या गालावरून औषध ओघळत होतं, निदान मी ते औषध समजले. मला त्यांची कीव आली आणि रागही तितकाच आला, आणि दोन्ही अजून आहेत.

आईच्या तेराव्याला टीचर आल्या होत्या, मी बर्फाच्या वादळात टोरांटोला अडकले होते तेव्हा. त्या दिवशी बाबांनी त्यांना खरं काय ते सांगितलं. टीचर ऐकून उठून गेल्या. दोन महिन्यांनी बीना डबा घेऊन आली, म्हणाली, "मम्मी ने भेजा है." टीचरसुद्धा सोनागिरीतच राहतात, दोन गल्ल्या सोडून. मी इतकी वर्षं धरून चालले होते की ते लोक केरळला परत गेले असणार. तेही मी कोणाला विचारलं नव्हतं. मला का लपवलं, असं बाबांना विचारलं तर म्हणाले, "तू चौकशी लावली असतीस."

बीना इतका वेळ ओट्याशी उभी राहून भांडी विसळत होती. मी तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलायला लागले, सोळा वर्षांची होते, कळत नव्हतं, असलं काहीतरी. तिने नळ बंद केला. "तूने एक बार पूछा भी नहीं," ती म्हणाली. "एक बार. मैंने तो पूछा था." मग तिने चहाचं आधण ठेवलं. तीन कपांचं ठेवलं, हे मी पाहिलं, पण त्याचा काही मोठा अर्थ काढायची आता माझी हिंमत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टीचरकडे गेले. गुडघे गेलेत, कान आणि जीभ शाबूत. मी माफीची तयारी करून गेले होते, पण त्यांनी ती मध्येच थांबवली. "पहले वो कागज़ दिखा. आज तक किसी ने मुझे दिखाया नहीं." चौतीस वर्षं ज्या कागदासाठी त्यांना शिक्षा झाली तो त्यांनी पाहिलाच नव्हता. मी कार्बनची प्रत दिली. त्यांनी भिंग लावून सावकाश वाचली, वर्गातल्या वहीसारखी, आणि भिंग खाली ठेवलं.

"पेस्टर? ऑफिस के कागज़ में, पेस्टर?" त्या खरोखर चिडल्या होत्या. "बच्चे पेस्टर करते हैं. मक्खियाँ पेस्टर करती हैं. कम्प्लेंट में ये शब्द मैं कभी नहीं लिखती. मैं लिखती तो हॅरॅस लिखती, और तेरे पापा घर बैठ जाते. तुझे मैंने ही तो लिखवाया था, कहाँ यूज़ करना है, कहाँ नहीं. वो नहीं पढ़ा तूने?"

नव्हतं वाचलं. तो शब्द त्यांच्याकडून शिकले म्हणून मी त्यांना धरलं, आणि तो शब्द त्यांनी तिथे कधीच वापरला नसता हेही त्यांनीच मला शिकवलं होतं. ऑफिसात रोज लोकांची क्रियापदं तोलणारी मी, पण तो एक कागद मी पुन्हा कधी मनातसुद्धा वाचला नाही. मी त्यांच्यासमोर रडले. त्यांनी रडू दिलं, उगाच पाठीवर हात वगैरे ठेवला नाही.

शेवटी मी म्हटलं की मी हे सगळं ग्रुपवर लिहीन, इंग्रजीत लिहीन, म्हणजे त्यांनाही वाचता येईल. टीचरनी मान हलवली. "इंग्लिश में नहीं. मेरे बारे में जिस ज़बान में बोला था, उसी में लिख." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तुम लोग सोचते थे इसको मराठी नहीं आती. बालकनी से बालकनी लगी थी. सब सुना मैंने." आणि मोडक्या नाही, अगदी स्वच्छ मराठीत, आमच्याच घरच्या सुरात त्या म्हणाल्या, "रोज शिकवायला बसवून केसाने गळा कापला बाईने आमचा."

ते वाक्य आईचं नव्हतं. माझं होतं. वाळत घातलेले कपडे काढता काढता मी ते आईला म्हटलं होतं, आणि शेजारच्या बालकनीत कोणीतरी उभं होतं हे मला तेव्हा दिसलंही होतं. मला वाटलं होतं, असू दे, तिला काय कळतंय.

इथे कोणी घर कुठे म्हणून विचारलं की मी वर्षानुवर्षं थोडा विचार करून कॅल्गरी म्हणायचे, कारण भोपाळ म्हणताना कडवट वाटायचं. आता भोपाळ म्हणते. तिथलं काही गोड झालं आहे म्हणून नव्हे. माझ्या तोंडून निघालेलं एक वाक्य कोणीतरी चौतीस वर्षं जसंच्या तसं सांभाळून ठेवलं ती जागा तीच आहे, आणि जिथे आपलं बोललेलं असं राहिलेलं असतं तिथून आपण खरं गेलेलोच नसतो, असं मला वाटायला लागलं आहे. बाबांना भेटायला म्हणून मी आता वर्षातून दोनदा जाणार आहे. खरं तर टीचरकडे जायचं असेल.

तो मसुदा ज्याने नेला तो बहुतेक या ग्रुपवर आहे आणि हे वाचतो आहे. विमानात मी सवयीने त्या ठिपक्यांत एकेकाचं नाव घालून पाहिलं. तीन नावं नीट बसली. मग मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. एकदा असंच नीट बसलेलं नाव मी घेतलं होतं. बाबा सांगणार नाहीत आणि मी विचारणार नाही. तुम्ही उत्तर द्यायची गरज नाही.

बाकीच्यांना एवढंच. टीचरचा नंबर बाबांकडे मिळेल. दुपारी चारनंतर करा, त्याआधी त्या झोपलेल्या असतात. मराठीत बोला. त्यांना सगळं कळतं.